गिटार पेडलचा बायपास स्विच बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणारे, चर्चमध्ये वाजवणारे आणि कॉलेजचे बँड, सगळ्यांची पेडल (गिटारच्या आवाजावर इफेक्ट देणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेट्या) थोड्याफार फरकाने त्याच तक्रारी घेऊन माझ्या टेबलावर येतात, आणि प्रश्नही तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगतो: बायपासचा प्रकार बदलण्याची गरज फार थोड्या पेडलना असते. बहुतेक वेळा स्विच झिजलेला असतो, केबल लांब असते किंवा एखादा रेझिस्टर राहून गेलेला असतो. म्हणून आधी दोष शोधा, मग सोल्डरिंग गन तापवा.

१. बायपास म्हणजे नेमकं काय? पेडल बंद केलं तरी आवाज येतोच, मग आत काय बदलतं?

इफेक्ट बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटला वळसा घालून बाहेर पडतो, तो वळसा म्हणजे बायपास. तो तीन प्रकारे दिलेला असतो. ट्रू बायपासमध्ये पायाखालचा स्विच सर्किटची दोन्ही टोकं तोडतो आणि इनपुट जॅक सरळ आउटपुट जॅकला जोडतो. मध्ये फक्त तार उरते. बफर्ड बायपासमध्ये सिग्नल नेहमीच एका छोट्या ट्रान्झिस्टर किंवा ऑप-ॲम्पच्या टप्प्यातून जातो (तोच बफर), आणि चालू-बंदचं काम जेफेट ट्रान्झिस्टर करतात. बॉस कंपनीची कॉम्पॅक्ट पेडल आणि आयबानेझची टीएस९ या जातीची. तिसरा प्रकार अर्धवट बायपासचा: स्विच फक्त आउटपुट बदलतो, सर्किटचं इनपुट मात्र गिटारला चिकटलेलंच राहतं. जुन्या वाह पेडलमध्ये, म्हणजे पायाने पुढेमागे झुकवायच्या पेडलमध्ये, हे सापडतं (प्रश्न १२).

२. ट्रू बायपास म्हणजे चांगला आणि बफर म्हणजे आवाज मारणारा, हे खरं का?

नाही. हा समज इतका घट्ट बसलाय की चांगली पेडल उगाच कापली जातात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

गिटारचा पिकअप म्हणजे तारेची गुंडाळी. केबल म्हणजे, सिग्नलच्या दृष्टीने, एक कपॅसिटर. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स सुमारे २.५ हेन्री धरा. ६ मीटरच्या केबलला ६०० पिकोफॅरड झाले, आणि या दोघांचं अनुनादाचं टोक साधारण ४.१ किलोहर्ट्झला येतं. आवाजातली जी चमक तुम्हाला आवडते ती याच भागात असते. आता पाचसहा ट्रू बायपास पेडल जोडा, सगळी बंद ठेवा. गिटारपासून पेडलबोर्डपर्यंत ६ मीटर, पेडलबोर्डपासून ॲम्पपर्यंत आणखी ६ मीटर, मधल्या छोट्या केबल मिळून १ मीटर. एकूण १,३०० पिकोफॅरड. ते टोक घसरून २.८ किलोहर्ट्झवर येतं. आवाज बोथट होतो. पेडलमध्ये दोष काहीच नसतो. बंद पेडल नुसती तार झाली आणि पिकअपला ती सगळी लांबी एकट्याने ओढावी लागली.

बफर पिकअपला फक्त पहिल्या केबलपुरता भार दाखवतो आणि पुढची लांबी स्वतः ओढतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर ॲम्प मागे आणि तुम्ही पुढे असाल, तर पेडलच्या रांगेत एक चांगला बफर असणं फायद्याचंच.

बफरला नावं ठेवावीत अशा जागाही आहेत. एकापाठोपाठ आठदहा बफर आले की खरखर वाढते, काही स्वस्त पेडलचे बफर मुळातच खराब असतात, आणि काही फझ (जाड, खरखरीत डिस्टॉर्शनच्या) सर्किटना त्यांच्या आधी बफर अजिबात चालत नाही (प्रश्न १३). म्हणून निर्णय एका पेडलकडे बघून करू नका. पूर्ण रांग मांडा आणि मग ठरवा.

३. माझ्या पेडलमध्ये कोणता बायपास आहे, हे न उघडता कळेल का?

बऱ्याच अंशी. बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढा, केबल तशाच ठेवा आणि वाजवा. आवाज अजिबात आला नाही किंवा अगदी क्षीण आला तर बफर्ड बायपास आहे. पूर्ण आवाज आला तर ट्रू बायपास किंवा अर्धवट बायपास. या दोघांतला फरक कानाने ओळखा: आधी गिटार सरळ ॲम्पला लावून वाजवा, मग मध्ये ते एकच पेडल बंद स्थितीत ठेवून वाजवा. धार लगेच कमी झाली तर अर्धवट बायपासचा संशय घ्या. मल्टिमीटरचा ओहमचा पल्ला इथे फसवतो, कारण इनपुटचा कपॅसिटर डीसी अडवतो आणि सर्किटचा भार मीटरला दिसतच नाही. शेवटची खात्री झाकण उघडून इनपुटची तार कुठे जाते ते पाहिल्यावरच. रिले (विजेने पालटणारा स्विच) असलेली पेडल या चाचणीत वेगळी वागतात, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

४. दोनतीनदा दाबल्याशिवाय पेडल चालू होत नाही, मध्येच आवाज जातो. बायपास बदलावा लागेल का?

प्रकार बदलायचं कारण नाही. तोच स्विच नवा घाला. आतले संपर्क झिजलेत किंवा मळलेत.

आपल्याकडे धूळ पुष्कळ. पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांच्या पेडलच्या जॅकमध्ये मला सुताचे बारीक तंतू नेहमी सापडतात. त्यामुळे आधी जॅक साफ करा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग आठदहा वेळा आत-बाहेर करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी दोष राहिला तर मल्टिमीटरने स्विचच्या मधल्या पायापासून जोडलेल्या पायापर्यंत ओहम मोजा. चांगल्या स्विचमध्ये १ ओहमपेक्षा कमी येतं. आकडा नाचत असेल किंवा काही ओहम दाखवत असेल तर स्विच गेला. नऊ पायांच्या स्विचच्या आत ग्रीसमध्ये डुलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यात फवारा मारला की ग्रीस पसरतं, चारआठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. तो बदलणंच योग्य.

आणखी एक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत पेडल दुपारभर ठेवू नका.

५. कोणता स्विच घ्यायचा? सोलापुरात मिळतो का?

एलईडीसकट ट्रू बायपास करायचा तर थ्रीपीडीटी फूटस्विच, म्हणजे नऊ पायांचा. त्याला १२ मिलिमीटरचं भोक लागतं. एलईडी नको असेल तर सहा पायांचा डीपीडीटी पुरतो. सहा पायांवरही एलईडी चालवता येतो; आर. जी. कीन यांनी मांडलेलं मिलेनियम बायपास हे छोटं सर्किट त्याचसाठी आहे. पण आता नऊ पायांचा स्विच सहज मिळत असल्याने ती खटपट जुन्या पेडलपुरतीच ठेवा.

घेताना ‘लॅचिंग’ आहे ना हे विचारा. दाबून सोडल्यावर स्थिती टिकते तो लॅचिंग. पाय उचलताच परत येतो तो मोमेंटरी, आणि तो प्रश्न १५ मधल्या रिलेसाठी लागतो.

रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, तार हे सगळं रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. फूटस्विच मात्र बहुतेक जण ऑनलाइनच मागवतात, नाहीतर कुणी पुण्याला चाललं असेल तर त्याला तपकीर गल्लीत सांगतात. हैदराबादला नातेवाईक असतील तर कोटीचा बाजारही चांगला आहे. एकाऐवजी दोन मागवा, कारण पहिला सोल्डर करताना वितळण्याची शक्यता असते.

६. हत्यारं कोणती लागतील?

२५ ते ४० वॅटची सोल्डरिंग गन, ६०/४० सोल्डर, थोडा फ्लक्स, डिसोल्डर पंप, मल्टिमीटर, बारीक पक्कड आणि २४ गेजची बहुतारी वायर. एकेरी कडक तार टाळा. झाकण दोनदा उघडलं की ती पायाशी तुटते. खोली हवेशीर ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

७. नऊ पाय नेमके कसे जोडायचे?

स्विच उलटा धरा, पाय वर. तीन उभ्या ओळी माना: अ, ब, क. प्रत्येक ओळीत वरचा, मधला, खालचा असे तीन पाय. मधला पाय कधी वरच्याला, कधी खालच्याला जोडला जातो. तिन्ही ओळी एकदम पालटतात, पण एकमेकींना स्पर्श करत नाहीत. स्विच चौकोनी असल्यामुळे ९० अंशांनी चुकीचा फिरवून धरला जातो. म्हणून सोल्डरच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि मधला पाय त्याच उभ्या ओळीतल्या पायाशी बोलतो ना ते पाहा. आडव्या शेजाऱ्याशी बीप आला तर स्विच फिरवा.

मी हीच जोडणी वापरतो, कारण बंद असताना सर्किटचं इनपुट ग्राउंड होतं (का, ते प्रश्न १० मध्ये):

अ-मधला पाय बोर्डच्या (पेडलमधल्या सर्किट बोर्डच्या) इनपुटला. अ-खालचा इनपुट जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पट्टीला). अ-वरचा ग्राउंडला.
ब-मधला आउटपुट जॅकच्या टिपला. ब-खालचा बोर्डच्या आउटपुटला. ब-वरच्यापासून एक तिरकी तार अ-खालच्याला, म्हणजे पुन्हा इनपुट जॅकला.
क-मधला ग्राउंडला. क-खालचा एलईडीच्या ऋण पायाला. क-वरचा मोकळा.

मधले पाय खालच्यांना जोडले गेले की इफेक्ट चालू: जॅक ते बोर्ड, बोर्ड ते जॅक, आणि एलईडीला ग्राउंड. मधले वरच्यांना जोडले गेले की बोर्डचं इनपुट ग्राउंडला आणि इनपुट जॅक तिरक्या तारेने थेट आउटपुटला. ही तिरकी तार प्लास्टिकच्या आवरणाचीच हवी, कारण ती बाकीच्या पायांवरून जाते.

सोल्डर करताना एका पायावर दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका. आधी सगळ्या पायांना आणि तारांच्या टोकांना थोडं सोल्डर लावून ठेवा, मग जोड क्षणात बसतो. सलग शेजारचे पाय घेऊ नका. एक या टोकाचा, एक त्या टोकाचा, म्हणजे प्लास्टिक थंड व्हायला वेळ मिळतो. प्लास्टिक मऊ झालं की पाय किंचित सरकतो आणि आतली पट्टी अडकते. बाहेरून काही दिसत नाही, स्विच मात्र कायमचा निकामी.

८. एलईडी डोळ्यांत जातो, किंवा दिसतच नाही. रेझिस्टर किती घालू?

९ व्होल्टवर लाल एलईडीला ४.७ किलोओहम घातला की सुमारे दीड मिलिॲम्पिअर वाहतो आणि साध्या एलईडीला तेवढं पुरतं. आजकालचे निळे-पांढरे एलईडी फार प्रखर असतात, त्यांना १० किलोओहम किंवा त्याहूनही जास्त लावा. उघड्या मांडवात दिवसा वाजवणाऱ्यांनी २.२ किलोओहमपर्यंत खाली यायला हरकत नाही. मात्र बॅटरी तेवढी लवकर उतरेल.

९. स्विच दाबला की ॲम्पमधून ‘टप्प’ असा मोठा आवाज येतो. ट्रू बायपास केल्यापासूनच सुरू झालंय.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं चार, आणि याच क्रमाने तपासा.

पहिलं, पुलडाउन रेझिस्टर नसणं. बायपासमध्ये सर्किटच्या इनपुट किंवा आउटपुटच्या कपॅसिटरचं बाहेरचं टोक कुठेच जोडलेलं नसेल तर त्यावर हळूहळू विद्युतभार साचतो. स्विच दाबल्यावर तो एकदम वाहून जातो, तोच टप्प. उपाय दोन रेझिस्टरचा: बोर्डच्या इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम, आउटपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम. दोन्ही कपॅसिटरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे स्विचकडच्या बाजूला. कारखान्यातून बफर्ड म्हणून आलेल्या बोर्डवर हे बरेचदा नसतात, म्हणून बदल केल्यावरच आवाज सुरू होतो. प्रश्न ७ ची जोडणी केली असेल तर इनपुट बायपासमध्ये ग्राउंडलाच असतं, तरी आउटपुटचा रेझिस्टर विसरू नका.

दुसरं, गळका कपॅसिटर. पेडल चालू ठेवून बोर्डच्या इनपुट आणि आउटपुट टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. शून्याजवळ यायला हवं. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर तो कपॅसिटर बदला. जुन्या पेडलमधला इलेक्ट्रोलिटिक हमखास गळतो, किंवा कुणीतरी दुरुस्ती करताना उलटा बसवलेला असतो.

तिसरं, आधीचं पेडल. त्याच्या आउटपुटवर डीसी असेल तर टप्प तुमच्या पेडलमधून येतो, दोष मात्र मागच्याचा. दुसरी सगळी काढून फक्त हे एकच लावून पाहा.

चौथं, एलईडी. तो पेटतो त्या क्षणी ओढलेला करंट ऑडिओच्या ग्राउंडमधून गेला की टिक ऐकू येते. एलईडीचं ग्राउंड स्वतंत्र तारेने थेट पॉवर जॅकपर्यंत न्या. तरीही राहिलं तर ४.७ किलोओहमऐवजी २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागोपाठ लावा आणि त्यांच्या मधल्या जोडापासून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. पेटण्याचा झटका मग पुरवठ्यापर्यंत पोहोचत नाही.

एवढं करूनही हाय गेन ॲम्पवर बारीक टिक राहते. यांत्रिक स्विचचे संपर्क एकमेकांवर आदळतात त्याचा तो आवाज. नवा स्विच पन्नासेक वेळा दाबून मोकळा करा, थोडा फरक पडतो.

१०. डिस्टॉर्शन बंद केलं तरी मागे बारीक खरखर किंवा चिरका आवाज ऐकू येतो. असं का?

साध्या जोडणीत बंद पेडलचं सर्किट चालूच असतं आणि त्याचं इनपुट हवेत लटकतं. शेकडो पट वाढवणारं सर्किट जवळच्या तारेतून सिग्नल पकडतं आणि स्विचच्या पायांमधल्या सूक्ष्म कपॅसिटन्समधून तो परत आउटपुटवर सांडतो. इनपुट ग्राउंड केलं की सर्किटला वाढवायला काही उरत नाही. प्रश्न ७ ची जोडणी याचसाठी. तरी राहिलं तर बोर्डच्या आउटपुटची तार शील्डेड घ्या आणि शील्डचं एकच टोक ग्राउंड करा.

११. दादा, माझ्या बॉस पेडलला ट्रू बायपास करून द्याल का?

देत नाही, आणि तुम्हीही करू नका असंच सांगेन. पाय ठेवायच्या पट्टीखाली एक छोटा मोमेंटरी स्विच असतो आणि तो दोन ट्रान्झिस्टरच्या फ्लिप-फ्लॉपला इशारा देतो. नऊ पायांचा स्विच बसवायला पट्टी काढून पेटीला भोक पाडावं लागतं, बोर्डवरचे ट्रॅक तोडावे लागतात. पेडलची किंमत जाते आणि मिळतो तो फरक बहुतेकांना रांगेत ऐकूही येत नाही. त्याचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) बहुतेकदा १ मेगओहमच्या आसपास असतो, पिकअपवर त्याचा भार नगण्य.

चालू-बंद होत नाही ही तक्रार असेल तर तो छोटा स्विच किंवा त्याखालचं रबर बदला. थोड्या वेळाचं काम आहे.

तरीही बफर रांगेबाहेरच हवा असेल तर लूपर पेटी करा. वेगळ्या डब्यात थ्रीपीडीटी आणि चार जॅक: इनपुट, सेंड, रिटर्न, आउटपुट. जोडणी प्रश्न ७ मधलीच, बोर्डच्या इनपुटच्या जागी सेंड, आउटपुटच्या जागी रिटर्न. सिग्नलला वीज लागत नाही, फक्त एलईडीला लागते. पेडलला हात न लावता काम होतं, आणि उद्या ते विकायचं असेल तर जसंच्या तसं विकता येतं.

१२. वाह बंद असतानाही आवाज गुदमरल्यासारखा होतो. यावर काय करू?

इथे बदल खरोखर करण्यासारखा आहे. जुन्या वाहमध्ये एकेरी स्विच असतो आणि तो फक्त आउटपुट पालटतो. सर्किटच्या इनपुटला ६८ किलोओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो भार वाह बंद असतानाही पिकअपवर राहतो. डीपीडीटी किंवा थ्रीपीडीटी घालून इनपुटही तोडा. सुधारणा पहिल्याच सुराला कळते. पण आधी ट्रान्झिस्टर मोजा. मूळ वाह सर्किटमध्ये दोन असतात. डनलॉपच्या नंतरच्या जीसीबी-९५ मध्ये इनपुटला बफरचा तिसरा जोडलेला आहे, त्यामुळे तिथे भाराची अडचण बरीच कमी असते.

स्विचच्या दांड्याची उंची हा वाहमधला खरा त्रास. नट खालीवर करून अशी बसवा की पूर्ण पुढे झुकल्यावर जोर देऊन दाबला गेला पाहिजे, पण साधं वाजवताना रॉकर (पायाखालची झुलती फळी) त्यावर आपटता कामा नये. हे बसवायला वायरिंगपेक्षा जास्त वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो.

१३. फझ पेडलच्या आधी बफर ठेवल्यावर आवाज पातळ आणि चिरका का होतो?

१९६६ च्या आर्बिटर फझ फेससारख्या दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटचं इनपुट इम्पिडन्स फार कमी असतं. पिकअपची गुंडाळी त्या सर्किटचाच भाग होऊन जाते. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी करताच आवाज स्वच्छ होतो तो याच नात्यामुळे. मध्ये बफर आला की हे नातं तुटतं. त्यामुळे असा फझ ट्रू बायपासच ठेवा आणि गिटारनंतर पहिला लावा. इनपुटचा पुलडाउन इथे २.२ मेगओहम घेतला तरी चालतो.

जुन्या जर्मेनियम फझमध्ये आणखी एक पेच असतो. त्यांतले पुष्कळ पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालतात आणि ग्राउंडला बॅटरीचा धन ध्रुव जोडलेला असतो. असं पेडल बाकीच्यांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीत लावलं की थेट शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पूर्ण विलग आउटपुटचा पुरवठाच द्या. एलईडीही उलटा बसतो, धन पाय स्विचकडे.

१४. डिलेला ट्रू बायपास केला तर बंद करताच प्रतिध्वनी तुटतात. ते विरत जायला हवेत, काय करावं?

मग ट्रू बायपास नकोच. प्रतिध्वनी विरायला आउटपुट जोडलेलं राहिलं पाहिजे आणि फक्त डिलेकडे जाणारा सिग्नल तोडला पाहिजे. हे बफर्ड पद्धतीतच होतं. डिले आणि रिव्हर्ब आहे तसे ठेवा. डिजिटल पेडलमध्ये स्विच प्रोसेसरला इशारा देतो, तिथे लॅचिंग स्विच बसवला की एकाआड एक दाबच लागू पडतो. तिथे फक्त तसाच मोमेंटरी स्विच बदला.

१५. रिले बायपास घालून घेऊ का? पाय ठेवला की खटका वाजत नाही म्हणतात.

पाय हलका पडतो हे खरं. मोमेंटरी स्विच एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला सांगतो आणि तो रिले पालटतो; सिग्नल मात्र रिलेच्या संपर्कांतून यांत्रिक पद्धतीनेच जातो, म्हणजे ट्रू बायपासच. पाय पडणाऱ्या भागाला सिग्नलची तार नसल्यामुळे तो जास्त टिकतो.

किंमत विजेत मोजावी लागते. पॅनासॉनिकच्या टीक्यू२ मालिकेतल्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल चालू असेपर्यंत २८ मिलिॲम्पिअर घेते. बॅटरीवर हे परवडत नाही. लॅचिंग रिलेला पालटण्यापुरताच झटका लागतो, पण एक फरक लक्षात ठेवा: साधा रिले वीज गेली की बायपासवर येतो आणि गिटार ऐकू येत राहते, लॅचिंग रिले शेवटच्या स्थितीतच थांबतो. इफेक्ट चालू असताना वीज गेली तर मंचावर शांतता. आपल्याकडच्या विजेच्या खेळात मी अडॅप्टरवरच्या पेडलला साधाच रिले सुचवतो. प्रश्न ३ ची चाचणीही याच कारणाने दोन्हींत वेगळी येते.

१६. सगळी पेडल ट्रू बायपास आहेत आणि आवाज बोथट झालाय. बफर कुठे घालू?

फझ नसेल तर रांगेच्या सुरुवातीला एक, फझ असेल तर त्याच्या लगेच नंतर. ॲम्प फार लांब असेल तर शेवटी आणखी एक. टीएल०७२ किंवा एका जेफेटचा बफर नाण्याएवढ्या बोर्डवर होतो आणि एखाद्या पेडलच्या आत इनपुट जॅक आणि स्विचच्या मध्ये बसतो. मग ते पेडल बफर्ड बायपासचं होतं आणि वीज गेली तर पूर्ण रांग मुकी होते, हे धरून चाला. नवं काही बांधण्याआधी सोपा प्रयोग करा: मित्राचं बॉसचं कुठलंही पेडल रांगेच्या सुरुवातीला बंद स्थितीत ठेवून वाजवा. चमक परत आली तर निदान पक्कं.

१७. गणपतीच्या मांडवात प्रचंड हम येतो. बायपास बदलल्यावर जाईल का?

नाही जाणार. ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण अर्थिंग, लायटिंगचे डिमर, जनरेटर आणि साखळी अडॅप्टर यांतून येते. पेडल बॅटरीवर चालवून पाहा. हम गेली तर अडॅप्टर बदला. ॲम्प आणि मिक्सर एकाच पॉइंटवरून घ्या.

हम घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते कधीही करू नका. तारांवर हात आणि माइकला ओठ असताना फॉल्ट आला तर २३० व्होल्ट अंगातून जातात.

१८. ॲकॉस्टिक गिटारच्या पिझो पिकअपला हेच नियम लागू होतात का?

नाही. पिझोला मॅग्नेटिक पिकअपपेक्षा खूप जास्त इनपुट इम्पिडन्स लागतो. गिटारमध्ये प्रीॲम्प नसेल तर १ मेगओहमवरही खालचे सूर पातळ होतात, १० मेगओहम चांगला. अशा गिटारला सगळ्यात आधी प्रीॲम्प किंवा बफर हवाच, ट्रू बायपासची चर्चा त्यानंतर. त्यात प्रश्न ९ चे १ मेगओहमचे पुलडाउन थेट पिझोसमोर येऊ देऊ नका.

१९. नव्या छोट्या पेडलमध्ये स्विच बोर्डवरच सोल्डर केलेला आहे. नऊ पाय एकदम निघत नाहीत.

ओढू नका, बोर्डवरच्या पातळ तांब्याच्या चकत्या उखडतात. जुन्या स्विचचा मोह सोडा: पक्कडीने त्याचं प्लास्टिक तोडा, पाय सुटे करा आणि एकेक पाय गरम करून काढा. मग पंपाने भोकं साफ करा. नव्या स्विचच्या पायांची मापं जुन्याशी जुळतात का ते आधी बघा, वायरींच्या पायांचा आणि बोर्डात बसणाऱ्या पायांचा असे दोन प्रकार येतात.

२०. सगळं जोडलं, पण चालत नाही. कुठून सुरुवात करू?

लक्षणावरून बरंच कळतं. बायपास चालतो पण इफेक्ट मुका: बोर्डच्या इनपुट-आउटपुट तारा उलट झाल्या असतील किंवा बोर्डला वीज नाही. इफेक्ट चालतो पण बायपास मुका: ती तिरकी तार सुटली. एलईडी उलट वेळी पेटतो: क ओळीत तार खालच्याऐवजी वरच्या पायाला गेली. एलईडी कायम पेटलेला: त्याचा ऋण पाय पेटीला टेकतोय. उघडं असताना चालतं आणि झाकण लावताच बंद: जॅकची टिप किंवा स्विचचा पाय झाकणाला लागतोय, आतून चिकटपट्टी लावा.

यातलं काही जुळलं नाही तर ऑडिओ प्रोब करा. ॲम्पकडे जाणाऱ्या केबलच्या टिपला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, शील्ड पेडलच्या ग्राउंडला लावा, ॲम्पचा आवाज कमी ठेवा. गिटार वाजती ठेवून कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुट जॅकपासून पुढे एकेका पायाला लावत जा. जिथे आवाज थांबला, दोष त्याच्या लगेच आधी. ही चाचणी ९ व्होल्टच्या पेडलमध्येच करायची, ॲम्पच्या आत कधीच नाही.

२१. ट्रू बायपास केल्यावर बॅटरी वाचेल ना?

नाही. इफेक्ट बंद असला तरी सर्किटला वीज मिळतच राहते. बॅटरी तुटते ती इनपुट जॅकमधून प्लग काढल्यावर, कारण त्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या रिंगमधून बॅटरीचं ऋण टोक जोडलेलं असतं. वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा.

२२. काढलेला जुना स्विच आणि तारा ठेवून द्यायच्या का?

स्विच चांगला असेल तर पिशवीत घालून पेडलच्या खोक्यात ठेवा, आणि बदल करण्याआधी मोबाइलवर काढलेले फोटोही जपून ठेवा. मूळ स्थितीतलं जुनं पेडल विकत घेणारा हे दोन्ही मागतो. झिजलेला स्विच मात्र ठेवू नका; अडचणीच्या वेळी तोच पुन्हा बसवला जातो.